लाकडी वेटिंग रूमची झालर आणि आमच्या सज्जाची झालर: नातं काय?

प्रभा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता घरीच असते. प्रश्न जरा लांबेल, पण पूर्ण वाचूनच उत्तर द्या ही विनंती. इथे जुन्या बांधकामातले आणि रेल्वेतले दोन्ही जाणकार आहेत, म्हणून तर लिहितेय.

गेल्या मे महिन्यात मी भाचीकडे स्कॉटलंडला, अॅबर्डीनला होते. ती एक दिवस मला डी नदीच्या काठाकाठाने बॅलाटर नावाच्या गावी घेऊन गेली. 1866 मध्ये तिथपर्यंत रेल्वे आली आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1966 मध्ये बंद झाली. रूळ आता नाहीत, पण स्टेशन आहे. व्हिक्टोरिया राणीचा बाल्मोरल वाडा तिथून सात-आठ मैलांवर. राणी आगगाडीने इथवर यायची आणि पुढे घोडागाडीने जायची. रेल्वे आपल्या वाड्याच्या आणखी जवळ आलेली तिला नको होती, म्हणून रूळ इथेच थांबले. 1886 साली खास तिच्यासाठी या स्टेशनात एक वेटिंग रूम बांधली.

राणीची खोली म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर संगमरवर आणि झुंबरं आली होती. तिथे पाहते तो सगळं लाकूड. आटोपशीर खोली, भिंतींना लाकडी फळ्यांचं अस्तर, शेजारी तिच्यापुरतं न्हाणीघर. बस. मी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं (भाची ओशाळली), तर आवाज पोकळ. आमच्या माजघराच्या फडताळाच्या दारावर वाजवलं की येतो तसाच.

बाहेर आल्यावर मला खरं नवल वाटलं. अॅबर्डीन शहर सगळं ग्रॅनाइटचं, बॅलाटरची घरंही दगडी. इतका दगड हाताशी असताना स्टेशन लाकडाचं का? तेही राणी जिथे उतरणार तिथे? पुढे एव्हिमोर या गावी गेलो, तर तिथलं 1898 चं मोठं स्टेशनही लाकडीच. आणि वाटेत दोन-तीन लहान स्टेशनांवर प्लॅटफॉर्मच्या छपराला जे दिसलं ते पाहून मी उभीच राहिले. छपराच्या कडेला अरुंद उभ्या फळ्यांची झालर, प्रत्येक फळीचं खालचं टोक कोरून निमुळतं केलेलं.

ही झालर मी जन्मापासून बघत आले आहे. आमच्या वाड्याच्या रस्त्याकडच्या सज्जाला ती आहे. सत्तेचाळीस फळ्या, प्रत्येक साडेचार इंच रुंद, सोळा इंच लांब. खालचं टोक पिंपळपानासारखं, आणि त्याच्या वर जुन्या रुपयाएवढं आरपार भोक. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की ओट्यावर सत्तेचाळीस उजेडाचे ठिपके पडतात. लहानपणी आम्ही भावंडं ते मोजायचो, आणि प्रत्येक वेळी एखादा कमी भरायचा.

सज्जा आजोबांनी केलेला. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात (तंत्रशिक्षणाच्या शाळेत) सुतारकाम आणि ड्रॉइंग शिकलं, मग गायकवाड बडोदे स्टेट रेल्वेच्या गोया गेटच्या कारखान्यात डबे बांधणाऱ्या सुतारांत लागले. (आज आपण त्या भागाला प्रतापनगर म्हणतो.) 1949 मध्ये आपली संस्थानची रेल्वे बी.बी. अँड सी.आय.मध्ये (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत) गेली, 1951 मध्ये पश्चिम रेल्वे झाली, आजोबा तिथेच होते. त्यांचा रंधा अजून माझ्याकडे आहे. पुढची मूठ अंगठ्याने झिजून खोलगट झाली आहे.

आता अडचण. सत्तेचाळीसपैकी अकरा फळ्यांची टोकं कुजली आहेत. एक गेल्या श्रावणात रात्री खाली पडली, नशिबाने ओट्यावर कोणी नव्हतं. पुतण्यांनी एका ठेकेदाराला आणलं. तो वर बघून दोन मिनिटांत म्हणाला, सगळी झालर काढून टाका, अॅल्युमिनियमचा पत्रा मारतो, वीस वर्षं बघायला नको. पुतणे अर्धे तयार झाले आहेत. त्यांना दोष देत नाही, पडलेली फळी त्यांनीही पाहिली.

माझे प्रश्न असे. दगडाच्या मुलखात लाकडाचं स्टेशन का? तशी लाकडी भिंत पावसा-बर्फात शंभर वर्षं टिकते कशी? आणि ही झालर नुसती शोभेची असते की तिला काही काम असतं? कारण शोभेचीच असेल तर पुतण्यांशी वाद घालायला माझ्याजवळ आजोबांच्या आठवणीखेरीज काही उरत नाही. पावसाळ्याला दोन महिने आहेत.

---

कडीपाट

प्रभाताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घाई त्याची आहे. झालरीला काम असतं. पत्रा मारू देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, मुख्यतः वाडे. लाकडाची एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सगळं उलगडतं. फळीच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, पण फळीचं कापलेलं टोक पाणी पितं. झाडात जिथून पाणी वर चढायचं त्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. छपराच्या कडेला वाशांची अशी उघडी टोकं रांगेने येतात. ती कुजली की छप्पर बसायला लागतं. त्यांच्यासमोर उभ्या फळ्या ठोकल्या की तिरपा पाऊस वाशांपर्यंत पोचत नाही, पन्हळही झाकली जाते.

मग त्या फळ्यांच्या टोकांचं काय? तीही पाणी पिणारच. म्हणून टोक निमुळतं. सरळ कापलेल्या फळीच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ लटकून राहते आणि तासन् तास मुरते. पिंपळपानासारखं टोक असेल तर दोन्ही बाजूंचं पाणी टोकाशी येतं, थेंब जड होतो आणि सुटतो. पाऊस थांबल्यावर पाच मिनिटं सज्जाखाली उभ्या राहा, दिसेल. थेंब फक्त सत्तेचाळीस ठिकाणांहून पडतील.

आणि समजा तरीही टोक कुजलं, तर कुजायला कोण पुढे आहे? एक अरुंद फळी, जी शिडी लावून तासाभरात बदलता येते. वासा बदलायचा तर कौलं उतरवावी लागतात. तुमच्या अकरा फळ्या कुजल्या म्हणजे झालर नापास झाली असं नाही. मागचे वासे एकदा टॉर्च लावून बघा. ते ठणठणीत निघाले तर झालरीने आपलं काम केलं.

पत्र्याने काय होईल तेही सांगतो. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये ओल अडकेल. वारा लागणार नाही, वाळणार नाही. वीस वर्षं बघायला नको हे खरं, कारण आत काय चाललंय ते दिसणारच नाही.

आता भिंत. व्हिक्टोरियन काळातल्या लाकडी स्टेशनाची भिंत आणि आपला वाडा यांच्यात वाटतं त्यापेक्षा जास्त साम्य आहे. वाड्यात वजन घेतो तो खांब-तुळयांचा सांगाडा, भिंत मधली जागा भरते. तिथेही तसंच, फक्त भरणीच्या जागी फळ्या. आपण खांब मातीत पुरत नाही, दगडी तळखड्यावर उभा करतो. ते लोक विटांचं किंवा दगडाचं बुटकं जोतं बांधून त्यावर आडवी तुळई टाकतात आणि तिच्यावर खांब. लाकडाने जमिनीला शिवायचं नाही हा नियम दोन्हीकडे एकच. अशी इमारत तपासताना मी पहिल्यांदा गुडघ्यावर बसून ही तळाची तुळई टोचून बघतो. बाकी कितीही रंगवलेलं असो, आजार तिथून सुरू होतो.

फळ्या लावायच्या पद्धती मुख्य दोन. एक आडवी, कौलांसारखी वरची फळी खालचीवर चढवून. दुसरी उभी, आणि दोन फळ्यांमधल्या फटीवर अरुंद पट्टी. या पट्टीत शहाणपण आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. म्हणून प्रत्येक फळी मधोमध ठोकायची, दोन्ही कडा मोकळ्या सोडायच्या, आणि पट्टीचा खिळा फळीतून न घेता फटीतून मागच्या आडव्याला मारायचा. फळी पट्टीखाली हवी तशी सरकते. कडा गच्च ठोकल्या की पहिल्याच उन्हाळ्यात फळी मधून तडकते. आपल्याकडे हौसेने केलेली लाकडी फार्महाउसं दोन वर्षांत तडकतात, त्यातली निम्मी याच एका चुकीने.

आतून जीभ-खाचेच्या (एकीची जीभ शेजारणीच्या खाचेत बसणाऱ्या) फळ्या असतात, म्हणून तुम्हाला पोकळ आवाज आला. दोन पदरांमधली हवा थंडी अडवते. सर्वसाधारण वेटिंग रूममध्ये खुर्चीच्या पाठीएवढ्या उंचीपर्यंत गडद रंग आणि वर फिकट, ही जुनी रीत. खाली ट्रंका, बूट, टेकलेली डोकी. वर उजेड परतावा म्हणून फिकट. आणि सगळ्या लाकडात एकच गोष्ट विटांची, ती म्हणजे शेकोटी आणि तिचं धुराडं. ते सांगाड्यापासून सुटं ठेवतात आणि छपरातून बाहेर पडतं तिथे शिशाचा पत्रा गुंडाळतात. शिसं मऊ, हवं तसं वळतं, विटा आणि लाकूड वेगवेगळे हलले तरी फाटत नाही.

---

आयओडब्ल्यू_लष्कर

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात घर. रेल्वेत इमारती आणि बांधकामाच्या देखभालीत नोकरी केली. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खात्यातलं आहे.

स्टेशन बहुतेकदा पक्क्या जमिनीवर नसतं. रूळ सपाट हवेत, म्हणून खड्डा असेल तिथे भराव टाकायचा आणि त्यावर प्लॅटफॉर्म. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यावर दगडी भिंत बांधली तर पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर भेगा. लाकडी खोली हलकी. भराव चार बोटं बसला तर ती तेवढी कलते, जॅक लावून उचलायची आणि खाली पाचर मारायची. स्कॉटलंडमध्येच वेस्ट हायलँडची लाइन आहे, 1894 ची. ती रॅनक मूर नावाच्या दलदलीवरून जाते. तिथे रुळाखालीसुद्धा झाडांच्या मुळ्या, फांद्या, माती आणि राख यांची गादी पसरून त्यावर लाइन तरंगवली आहे. त्या मार्गावरची स्टेशनं जेम्स मिलर या वास्तुकाराने स्विस घरांच्या धर्तीवर केली, खाली विटा आणि वर लाकूड. अशा मुलखात दगड चढवायचं धाडस कोण करेल?

दुसरं कारण पैसा आणि वेळ. कंपनीला लाइन लवकर सुरू करून तिकिटं विकायची असतात. गवंडी दगड घडवत बसला तर हंगाम जातो. लाकडाचे भाग कारखान्यात कापायचे, नंबर टाकायचे, मालगाडीत घालून न्यायचे आणि जागेवर जोडायचे. इंग्लंडात लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीने तर ठरावीक मापाच्या लाकडी स्टेशन-इमारतींचा साचाच बसवला होता. भाग क्रू (Crewe) गावातल्या त्यांच्या कारखान्यात तयार व्हायचे. खोली वाढवायची तर एक खण जोडायचा, स्टेशन बंद झालं तर उकलून दुसरीकडे न्यायचं.

झालरही तशीच निघायची. 1850 नंतर वाफेवर चालणाऱ्या पट्टा-करवती कारखान्यांत आल्या. कागदावर किंवा पत्र्यावर फर्मा, म्हणजे आकाराचा नमुना केला, फळ्यांची चवड लावली, की एका फेरीत आठ-दहा फळ्यांची टोकं कापून मोकळं. म्हणून तर इतक्या साध्या, खेड्यातल्या स्टेशनांना ही झालर परवडली. हाताने कोरायची असती तर एखाद्या मोठ्या जंक्शनलाच दिसली असती.

मग आपल्याकडे लाकडी वेटिंग रूम का नाहीत? वाळवी, पाऊस, आग ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. त्यात आणखी एक. आपल्या रेल्वेने लाकूड वापरलं ते रुळाखाली. एका मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागतात. साग, साल, देवदार इतक्या वेगाने तुटले की 1864 मध्ये सरकारला डिट्रिच ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखातं उभारावं लागलं. चांगलं लाकूड स्लीपरला आणि डब्यांना, इमारत दगड-विटांची. लाकूड दिसायचं ते दारं, खिडक्या, बाकं, लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि छपराची झालर यांतच. माझ्या सुरुवातीच्या काळात एका जुन्या स्टेशनात फर्स्ट क्लासच्या खोलीत शेकोटी होती. जानेवारीत ग्वाल्हेरकडे धुकं पडलं की गाड्या सहा-सहा तास उशिरा. स्टेशन मास्तर स्वतः कोळसे पेटवायचे आणि तिकीट कुठलंही असो, कडेवर मूल असलेल्या बाईला आत बसवायचे. त्या खोलीत फळ्यांचं आतलं अस्तर होतं आणि हात लावला तर ते कोमट लागायचं. दगडाची भिंत रात्रभर शेकली तरी तशी होत नाही.

एक आमच्या बाजूची गोष्ट, विषयाला धरूनच. राणीचे मुन्शी अब्दुल करीम मूळचे झाशीजवळच्या ललितपूरचे, नोकरी आग्र्याला. 1887 मध्ये ते तिच्या सेवेत गेले आणि बाल्मोरलला तिच्याबरोबर असायचे. म्हणजे ताई, तुम्ही ज्या स्टेशनात उभ्या होता तिथे आमच्या बुंदेलखंडचा माणूस उतरत असे. 1896 मध्ये रशियाचा झार निकोलस दुसरा तिथेच उतरला, धो धो पावसात. झालरींनी तेव्हा चांगलंच काम केलं असेल.

तुमचे आजोबा डबे बांधणारे होते हे फार महत्त्वाचं आहे. त्या काळी डब्याचं अंग लाकडीच. धावत्या डब्याचा प्रत्येक सांधा हलतो, त्यामुळे लाकडाला कुठे गच्च धरायचं आणि कुठे सोडायचं हे डब्याच्या सुताराइतकं कोणाला कळत नाही. एक फळी उतरवून मागची बाजू बघा आणि इथे सांगा.

---

सुरसागर_किनारी

एक शंका. झालर इंग्रजांकडूनच आली असं का धरायचं? गुजरातेत लाकडावरचं कोरीव काम रेल्वेच्या कितीतरी आधीचं आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडाच बघा. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते. बडोद्याला पहिली गाडी आली 1861 मध्ये. तेव्हा आमच्या सुतारांना कोणी शिकवायला यायची गरज नव्हती.

---

कडीपाट

शंका रास्त आहे, आणि फरक डोळ्यांनी ओळखता येतो. आपल्या परंपरेतलं काम खोदलेलं असतं. पटाशीने लाकडात खोल जायचं, वेल फळीच्या पोटातून वर यायचा, सावली आतल्या आत पडायची. जवळ जाऊन पाहावं लागतं आणि जवळजवळची दोन फुलंही हुबेहूब एकसारखी नसतात. रेल्वेची झालर आरपार कापलेली. तिच्यात खोली नाही, फक्त बाह्याकार आहे. ती खालून आणि लांबून, मागे आकाश ठेवून बघायची. आणि सगळ्या फळ्या एका फर्म्याच्या.

बडोद्याच्या सुताराला दोन्ही येत होतं असं मला वाटतं. दाराच्या चौकटीवर तो पटाशी चालवायचा आणि सज्जाला करवत. प्रभाताईंच्या आजोबांनी पिंपळपान निवडलं, हे ते लाकूड आणि ही जागा ओळखणाऱ्या माणसाचं काम. इंग्रजी स्टेशनांवर बहुधा भाल्याचं टोक किंवा अर्धगोल असतात.

---

पुष्पा_मांजलपूर

मी वाचलं होतं की बॅलाटरचं स्टेशन जळलं. मग प्रभाताईंनी पाहिलं ते काय?

---

प्रभा_दांडियाबाजार

हो, जळलं होतं. मे 2015 मध्ये मोठी आग लागली. तिथल्या स्थानिक प्रशासनाने ते पुन्हा उभं केलं, लाकडातच, आणि 2018 मध्ये उघडलं. मी पाहिलं ते हे. तेव्हा आत वाचनालय होतं, माहितीकेंद्र होतं, राणीच्या प्रवासाचं प्रदर्शन होतं.

पुष्पाताई, तुमचा प्रश्न मलाही तिथे पडला होता. कोपऱ्यात उभी राहून फळ्यांच्या कडा बघितल्या. ताज्या होत्या, रंग जाड नव्हता. थोडं वाईट वाटलं. मग शेजारच्या वाचनालयात एक आजी नातवाला घेऊन आल्या आणि तो मुलगा त्या लाकडी भिंतीला पाठ लावून पुस्तक उघडून जमिनीवर बसला. शंभर वर्षं माणसं त्या जागी पाठ टेकूनच बसत असणार. मला ती खोली खोटी म्हणवली नाही.

---

प्रभा_दांडियाबाजार

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय. बरंच घडलं.

कडीपाट यांनी सांगितल्याप्रमाणे आधी वासे बघितले. थोरल्या पुतण्याला टॉर्च घेऊन शिडीवर चढवलं. तो वर जाऊन गप्पच झाला. मग म्हणाला, "आत्या, वर काहीच झालेलं नाही." त्याने स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक वासा टोचला. एकही मऊ नाही. सज्जा आजोबांनी 1936 मध्ये केला, तेव्हाचं सागवान. खाली उतरल्यावर त्याने त्या ठेकेदाराला स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं. मला काही बोलावं लागलं नाही.

मग एक फळी उतरवली, डावीकडून सहावी. आयओडब्ल्यू साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून मागची बाजू नीट पुसली. वर फिकट पेन्सिलने देवनागरी ६ लिहिलेला आहे. त्या सहाची शेपटी मला चांगली ओळखीची आहे, माझ्या पाढ्यांच्या वहीत तशीच असायची. आणि फळीच्या मधल्या रेषेवर दोन बारीक खिळ्यांची भोकं, लांबीत एक वरच्या टोकापासून दोन इंचांवर आणि दुसरं अकरा इंचांवर. झालर ठोकली आहे ती पितळी स्क्रूने, तीही प्रत्येक फळीला मधोमध, कडा मोकळ्या. मग ही जादा भोकं कशाची? सातवी उतरवली. त्याच जागी दोन भोकं. आठवी, तेच. तिन्ही एकावर एक ठेवून भोकांतून दाभण घातला, सरळ आरपार गेला. फळ्यांची चवड खिळ्यांनी एकत्र ठोकून एकदम कापल्या आहेत. कडेला बोट फिरवलं तर करवतीच्या खुणा तिन्ही फळ्यांवर सलग चालत जातात, सहाव्यावरची रेघ सातव्यावर पुढे मिळते.

कारखान्याच्या करवतीवर कापल्या की घरी हाताने, ते आजोबाच जाणोत. पण रीत त्या कारखान्याची आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. सुरसागर यांचं म्हणणंही मी विसरलेले नाही. आमच्या दाराच्या चौकटीवर आजोबांनीच खोदलेली वेल आहे आणि तिच्यातली दोन पानं खरंच एकसारखी नाहीत, काल भिंग घेऊन पाहिलं.

काम आता बडोद्याच्या वाडी भागातल्या एका मिस्त्रीभाईंकडे दिलंय. त्यांचे वडीलही सुतार. फळी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "बेन, आ तो रेलवेनुं काम छे." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मिस्त्रीभाई म्हणतात अकराच्या अकरा फळ्या नव्या करू. मला वाटतं, वरचा दहा इंचांचा भाग चांगला आहे, पेन्सिलचे आकडे तिथेच आहेत. फक्त टोक बदलता येईल का? आणि रंग कोणता, कसा लावू? खरवडल्यावर सगळ्यांत खाली तांबूस तपकिरी थर निघाला.

---

कडीपाट

टोकच बदला. कुजलेला भाग पुरता काढा, चांगल्या लाकडात निदान इंचभर जाऊन. जोड आडवा घेऊ नका, तिरका घ्या आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे सांध्यात गेलेलं पाणी पुढून बाहेर पडेल, वाशांकडे जाणार नाही. नवं टोक जुन्या सागवानाचं हवं. पाडलेल्या घरांचं लाकूड वखारींत मिळतं, ते कधीचंच आकसून बसलेलं असतं. ताजं लाकूड जुन्याला जोडलं की दोघं वेगवेगळं हलतात आणि सांधा उघडतो. नव्या टोकाच्या मागे मिस्त्रीभाईंना आजचं साल लिहायला सांगा, पुढच्या माणसाला कळायला हवं.

रंगाआधी जवसाचं तेल कोमट करून टोकांना पाजा. टोक तेलात उभं करून ठेवलं तर उत्तम. पिणं थांबेपर्यंत पाजायचं, मग चांगलं आठवडाभर वाळू द्यायचं. रंग तुम्हाला सापडला तोच तांबूस तपकिरी घ्या, टोकाला तीन हात, अंगाला दोन. भोकांच्या आतल्या कडाही विसरू नका, तीही कापलेली टोकंच आहेत.

---

आयओडब्ल्यू_लष्कर

ताई, आकडे असलेल्या फळ्या त्याच क्रमाने चढवा. माप कितीही एक असलं तरी प्रत्येक फळी आपल्या शेजारणीबरोबर नव्वद वर्षं राहिली आहे. आणि फर्मा जपून ठेवा. पिंपळपानाचा एक पत्र्यावर कापून वाड्यातच कुठेतरी टांगून ठेवा.

---

प्रभा_दांडियाबाजार

फर्मा पितळी पत्र्याचा केला. तो मी स्वतः कापला, सहाव्या फळीवरून रेघ घेऊन. तो आजोबांच्या रंध्याशेजारी टांगलाय.

अकरा टोकं परवा तेलातून निघाली, वऱ्हांड्यात दोरीवर ओळीने वाळताहेत, घरभर जवसाचा वास आहे. अजून पाच-सहा दिवस हात लावायचा नाही असं मिस्त्रीभाईंना बजावलंय. मग जोड आणि रंग. पुतण्याच्या मुलीला फळ्यांचे आकडे वाचायचं काम दिलंय. ती ६ ला ९ म्हणते, म्हणून प्रत्येक फळीच्या वरच्या टोकाला खडूने फुली केली आहे. रंग सुकला की रविवारी सकाळी आठला शिडी लागेल. बडोद्यातलं कोणी येणार असेल तर चहा आमच्याकडे.